खारी म्हंजे खारी

आमच्या गुरुजींनी पिक्चर बुक लिहिलं ही बातमी जासईत पहिल्यांदा नाक्यावरच्या टपरीत फुटली, आणि त्यातला 'बुक' हा शब्द तिथेच भज्यांच्या तेलात पडून नाहीसा झाला. उरलं पिक्चर. संध्याकाळपर्यंत गावात एकच चर्चा: गुरुजींच्या पिक्चरमध्ये हिरॉईन कोण? हळदीत डीजेसमोर बऱ्यापैकी नाचणारा एक पोरगा तर घरी येऊन स्वतःचे दोन फोटो देऊन गेला. गुरुजींनी ते ठेवून घेतले. मला म्हणाले, "चेहरा बोलका आहे रे. पुढच्या पुस्तकात बेडूक आहे, चित्रकाराला दाखवीन."

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मी त्यांचा चौथीतला विद्यार्थी, आता न्हावाशेव्याच्या बंदरामागे एका कंटेनर यार्डात कारकून. गुरुजींचा स्वभाव एका वाक्यात सांगता येणार नाही, कारण एक वाक्य ही त्यांना मान्य असलेली लांबी नाही. किती वाजले विचारा, ते ग्रिनिचपासून सुरुवात करतात. पनवेलची एसटी कधी येते विचारलंत, तर बंदर व्हायच्या आधी रस्ता कुठून जायचा ते कळतं, मिठागरं कोणाची कुठे होती ते कळतं, तोवर एसटी गेलेली असते.

आणि या माणसाने म्हातारपणी कोणता धंदा पत्करावा? ज्यात पुस्तकाला चोवीस पानं, पानाला दोन ओळी, त्यातली एक मराठी आणि एक इंग्रजी!

अगदी नव्या वाचकाच्या पुस्तकाला अडीचशे शब्दांच्या आत राहावं लागतं. पानांचंही तसंच. छपाईच्या कागदाची घडी सोळाची किंवा आठची, म्हणून पुस्तक सोळा पानांचं, चोवीसचं नाहीतर बत्तीसचं. विचार सव्वीस पानांचा निघाला तर दोन पानांचा विचार मागे घ्यायचा. गुरुजींची निवटीची गोष्ट चार हजार शब्दांची होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात पुढच्या परांवर टुणटुण उड्या मारणारा बोटभर मासा, डोळे डोक्यावर बसवलेले. तिसऱ्या पानापर्यंत निवटी आलीच नव्हती. खारबंदिस्तीचा इतिहास चालू होता. परराज्यातल्या प्रकाशनसंस्थेच्या संपादिकाबाईंनी फोनवर कळवलं, "सर, मराठीत शंभर शब्द."

गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत, आणि त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, ते जास्त लागलं.

गोष्ट कापली ती काकींनीच. काकी धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत कुठल्या वेळी कुठला धवला लागतो ते सगळं त्यांना तोंडपाठ. अक्षर एक वाचता येत नाही. गुरुजी हस्तलिखित मोठ्याने वाचत होते, काकी कोलंबी सोलत होत्या. चौथ्या पानाला त्यांनी हात पुसला. "कवरा बोलता तुमी! निवटीनी उरी मारली, चिकलान परली. परत उरी मारली, परत परली. तिसऱ्या उरीला काय झाला त्या सांगा." गुरुजी म्हणाले, "हे फार साधं होतंय." काकी म्हणाल्या, "पोरांना परत परत लागता." ज्या गोष्टीवर अमुकतमुक कार्यशाळा भरतात ती कोलंबीच्या ताटावर पाच मिनिटांत मिटली. पुस्तकावर मात्र काकींचं नाव नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

करार आला तेव्हा गावाने एकच प्रश्न विचारला, "साडेबारा टक्के हाय का?" बाहेरच्याला यात गंमत वाटेल. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या या गावात तो आकडा गमतीचा नाही. जानेवारी 1984 मध्ये सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी इथे आंदोलन पेटलं, दोन दिवसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तेव्हापासून आमच्याकडे टक्केवारी म्हटली की ती साडेबाराच. गुरुजींच्या करारात दहा होते, तेही निम्मे चित्रकाराचे. "म्हंजे पाच?" टपरीवर शांतता पसरली. एका म्हाताऱ्याने हळूच सुचवलं, "मोर्चा काढूया का, मास्तर?"

गुरुजींनी त्यांना कमेनियस सांगितला.

हा कमेनियस गुरुजींचं कुलदैवत. मोरावियाचा धर्मोपदेशक आणि शिक्षक. त्याने 1658 साली न्युरेंबर्गला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. पान उघडलं की वर चित्र, खाली एका रकान्यात लॅटिन, दुसऱ्यात जर्मन, आणि चित्रातल्या वस्तूंना दिलेले आकडे दोन्हीकडच्या शब्दांनाही. "अफझलखानाचा कोथळा निघायच्या आदल्या वर्षी!" गुरुजी टेबलावर हात आपटतात. "म्हणजे पोरांचं चित्रपुस्तक जन्मालाच दुभाषी आलं. आणि लोक म्हणतात, हे मास्तरांचं नवीन खूळ." त्या पुस्तकाच्या सुरुवातीला मुळाक्षरं प्राण्यांच्या आवाजांवरून शिकवली आहेत, पहिलाच कावळा, तो 'आ आ' करतो. गुरुजी हा लॅटिन कावळा स्वतः करून दाखवतात. टपरीवरचे खरे कावळे उडून जातात.

आपल्याकडचंही त्यांना पाठ आहे. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक 1881 चं. चेन्नईचं तूलिका 1996 पासूनचं. एका पानावर इंग्रजी आणि सोबत मराठी, तमिळ, बंगाली अशी एखादी आपली भाषा, ही पद्धत त्यांनी चांगलीच रुळवली. माधुरी पुरंदऱ्यांचं नाव निघालं की मात्र गुरुजींच्या आवाजात भक्ती आणि असूया एकदम येते. 'राधाचं घर' लिहिलंही बाईंनी, काढलंही बाईंनी. "त्यांचं बरं आहे. लिहिणारी आणि काढणारी यांचं भांडण घरच्या घरी मिटतं."

गुरुजींचं भांडण कोलकात्यापर्यंत गेलं. पण त्याआधी इंग्रजी.

इंग्रजी ओळी कोणी लिहायच्या? गावात दिवसभर इंग्रजी वाचणारा माणूस मी. पण माझं इंग्रजी बंदराचं. आमच्या कागदांवर कंटेनरमध्ये माल आहे असं कधी लिहीत नाहीत. 'सेड टू कन्टेन' लिहितात, म्हणजे आत काय आहे ते पाठवणारा सांगतो, आम्ही बघितलेलं नाही. पहिली ओळ मी लिहून दिली, "वन निवटी, सेड टू बी जंपिंग." गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "तू उडी बघितली नाहीस?" मी म्हटलं, "लहानपणी." ते म्हणाले, "मग सेड टू कशाला?" त्या एका प्रश्नात माझी बावीस वर्षांची नोकरी हलली. शेवटी इंग्रजी संपादिकाबाईंनी लिहिलं. निवटीला त्यात मडस्किपर म्हणतात आणि आमची 'डुबुक' तिकडे 'प्लॉप' झाली. गुरुजींना 'प्लॉप' मान्य नाही. त्यांचं म्हणणं, प्लॉप आवाज व्हायला पाणी खोल लागतं.

आता भांडण. मजकुरातून कापलेले तीन हजार नऊशे शब्द गुरुजींनी टाकून दिले असतील असं ज्यांना वाटतं त्यांनी गुरुजी ओळखलेच नाहीत. ते सगळे शब्द चित्रकार मुलीच्या कानात गेले. चित्रात काय काय दाखवायचं याचे अकरा व्हॉइस मेसेज, सगळ्यात लहान सतरा मिनिटांचा. मुलगी कोलकात्याची, तिला मराठी येत नव्हतं. तिने ते पुण्याच्या एका मैत्रिणीकडे पाठवले आणि सांगितलं, मुद्दे तेवढे लिहून दे.

गुरुजी पुस्तकात शुद्ध लिहितात, वर्गात शुद्ध बोलायचे. पण रंगात आले की त्यांची जीभ आईकडे जाते. आगरीत ड चा र होतो. घोडा घोरा, गाडी गारी. आणि खाडी? खारी. पुण्याच्या मैत्रिणीने ऐकलं ते प्रामाणिकपणे उतरवलं: गावासमोर खारी आहेत. भरतीला खारी फुगतात. ओहोटीला खारी रिकाम्या होतात, तेव्हा त्यात पोरं उतरतात.

चित्रं आली. मी गुरुजींच्या ओटीवर बसलेलो. मोबाईलवर पहिलं पान उघडलं: गाव, मागे डोंगर, आणि गावासमोर रांगेत बसलेल्या बारा खारी. भरतीच्या पानावर त्याच खारी गलेलठ्ठ, पोट जमिनीला टेकलेलं. ओहोटीच्या पानावर वाळून काडी झालेल्या. पोरांनी खारींमध्ये नक्की कसं उतरायचं हे त्या बिचारीला कळलं नसावं. तिथे तिने पोरांना खारींच्या पाठीवर बसवलं होतं.

गुरुजी उभे राहिले. शुद्ध मराठी, बालभारती, कमेनियस सगळं गळून पडलं. "अरं खारी! खारी म्हंजे खारी! खार नाय!" फोनवर पलीकडे मुलगी, मध्ये संपादिकाबाई, आणि गुरुजी दर वेळी आणखी जोरात तोच शब्द म्हणतायत. आतून काकींच्या हसण्याचा आवाज येत होता, तो थांबेना. शेवटी मी फोन घेतला आणि 'क्रीक' म्हटलं. बंदराची नोकरी तेवढी कामाला आली.

अकरा खारी खोडल्या गेल्या. बारावीवर मुलगी अडून बसली. अंगठ्याएवढी, तिवराच्या फांदीआड, प्रत्येक पानावर एक. गुरुजींनी शास्त्रीय हरकत घेतली, पंधरा मिनिटं घेतली. बाई म्हणाल्या, "राहू दे सर, कोपऱ्यात आहे. कोण बघतंय?"

पुस्तक आलं. लेखकाला मिळालेल्या प्रती पहिल्या महिन्यात संपल्या, कारण गुरुजी हळदीला आहेर म्हणून पुस्तक देऊ लागले. नवरा-नवरी पाकीट चाचपून बघत, आत चोवीस पानं लागत. टपरीवरच्या म्हाताऱ्याने प्रत चाळून परत केली. "बरा हाय. पन गानी नाय यान."

पहिलं वाचन ओटीवर ठेवलं. आळीतली पंधरावीस पोरं, बहुतेक इंग्रजी शाळेतली. गुरुजींनी पुस्तकं वाटली आणि प्रस्तावना सुरू केली. लॅटिन कावळा झाला, ओक झाले. चाळीस मिनिटांनी त्यांनी निवटीचं पान उघडून विचारलं, "हे काय?" कोणाला सांगता येईना. निवटी म्हणा, मडस्किपर म्हणा, दोन्ही भाषांत पोरं सारखीच कोरी. यातली सगळी पोरं रस्त्यावरून जाणारा ट्रेलर लांबून बघून चाळीस फुटी की वीस फुटी ते सांगतात. कंटेनर उचलणारा रीच स्टॅकर ओळखतात. खाडीचा चिखल त्यांच्या वाट्याला आलाच नाही, त्याआधी भराव आला. तेव्हा काकी उठल्या. दोन मुठी डोक्यावर डोळ्यांसारख्या धरल्या, साठीच्या बाईने ओटीवर टुणकन उडी मारली, धपकन बसल्या, परत उठल्या. पोरं किंचाळली. गुरुजी गप्प होते.

मग त्यांचा नातू म्हणाला, "आजोबा, सहाव्या पानावर खार मिळत नव्हती. मला मिळाली. पागाच्या जाळ्यामागे आहे." लगेच सगळी पोरं सहाव्या पानावर. चाळीस मिनिटं ती हेच करत बसली होती. दोन भाषांतल्या दोनशे बारा शब्दांपैकी एकही कोणी वाचला नव्हता, आणि चोवीस पानांतली प्रत्येक खार सापडली होती.

गुरुजींनी पुस्तक मिटलं, बघितलं, परत उघडलं. सहावं पान.

काल गेलो तर ते अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर होते. सावकाश, शाळेतल्या आवाजात, एकेक अक्षर सोडवून. "नाही बेटी. इस बार खाडी नहीं. डी नहीं, री नहीं. खार. ख को काना, र." मग ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला. "नहीं, नहीं. चाय में डुबाते हैं वो नहीं!"