फिरता दवाखाना

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या बाजारात १०८ची गाडी उभी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कोणाचं काय झालं बाप्पा?’ आतला डॉक्टर नुसता चहा प्यायला उतरलाय, हे कोणाला पटत नाही. त्यातून तो बिनलग्नाचा असला आणि गावातच कुठं त्याचं जमलेलं असलं, तर त्याचे हाल विचारू नयेत. बाकीची पोरं मोटारसायकलचा हॉर्न वाजवत गल्लीतून दोनदा जातात. हा पेशंट सोडून परतताना गल्लीच्या तोंडाशी घटकाभर थांबला, तरी बायका पदर खोचून बाहेर येतात आणि पोरीच्या खुटखुटीत आजीला परस्पर अत्यवस्थ करून टाकतात.

१०८च्या डॉक्टरांची ही जमात राज्यात २०१४ साली अवतरली. सुरुवातीच्या ९३७ गाड्या, प्रत्येकीत एक डॉक्टर आणि एक चालक. चालकाला पायलट म्हणतात, त्यामुळं सोयरिकीच्या बाजारात त्याचा भाव कधीकधी डॉक्टरपेक्षा चढा असतो. डॉक्टर बहुधा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. मुलीकडचे विचारतात, ‘दवाखाना कुठंशी आहे?’ खरं उत्तर ‘फिरता आहे’ असं असतं. ते ऐकून मामा लोक एकमेकांकडं बघतात.

फोन लागतो पुण्याला आणि पेशंट असतो बिटरगावच्या पलीकडं, बंदी भागात, पैनगंगेच्या जंगलात. रेंज नेमकी तिथंच जाते. हा बाळंतीण घेऊन जंगलाबाहेर आला की मोबाइल एकदम थरथरायला लागतो. तिचा पहिला मेसेज ‘जेवलास का?’, मधले चार-पाच चढत्या आवाजातले, शेवटचा ‘आता बोलूच नको माझ्याशी.’ अख्खं भांडण सुरू होऊन संपलेलंही असतं, याला पत्ता नाही. मग तो पेशंटला पोहोचवून फोन लावतो आणि सवयीनं विचारतो, ‘शुद्धीवर आहेस ना?’

‘आहे.’

‘श्वास घ्यायला त्रास?’

‘नाही!’

‘मग अर्ध्या तासानं बोलू.’

यात त्याचा दोष नाही. दिवसभर कोण आधी मरेल याच हिशेबानं माणसं बघायची सवय लागली की रुसलेलं माणूस रांगेत फार मागं जातं.

पावसाळ्यात सोयाबीनच्या रानात साप, उन्हाळ्यात लग्नं. तालुक्यातल्या बऱ्याच लग्नांत तो दिसतो, पण पोहोचतो तो पंगतीत विषबाधा झाल्यावर. ‘आपलं लग्न’ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं मंडप येतो, याच्या डोळ्यांपुढं सलाइन. आणि कपाशीवर फवारणी सुरू झाली की तो फोनवर थट्टासुद्धा करत नाही. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी गेले, ते इथं कोणी विसरलेलं नाही. तेवढे दिवस तीही भांडत नाही, हे तिचं मोठेपण मला त्याच्या धावपळीइतकंच वाटतं.

या कामावर बाई डॉक्टर असली तर तऱ्हा आणखी निराळी. स्थळ बघायला आलेले म्हणतात, ‘रात्रपाळी तेवढी सोडावी लागंल हो.’ त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण रात्री दोन वाजता, चालत्या गाडीत कोणी केलं, हे त्या वेळी कोणाला आठवत नाही.

अशाच एका बाळंतपणानं आमच्या नायकाचा घात केला. तांड्यावरची बाई, नाला भरलेला, उमरखेड दूर. गाडी बाजूला घेऊन यानं पोरगा सुखरूप बाहेर काढला. घरच्यांनी हौसेनं डॉक्टरचंच नाव ठेवलं. बातमी तांड्यावरून निघाली आणि आठवडी बाजारात येईपर्यंत तिचा मधला भाग गळाला. उरलं ते एवढंच, की ‘तांड्यावर डॉक्टरच्या नावाचं पोरगं आहे म्हणे.’ बैठक नेमकी त्याच आठवड्यात होती. पोहे आले, चहा आला, मग मुलीच्या वडिलांनी खाकरून विषय काढला. यानं घाम पुसत, नाला, पाऊस, वेळेआधी सुटलेल्या कळा, सगळं रीतसर सांगितलं. वडील समजूतदार. त्यांनी मान डोलावली, सुपारी कातरली.

‘ते सगळं बरोबर आहे डॉक्टरसाहेब,’ ते म्हणाले, ‘पण आडनाव कोणाचं लावलं?’