नव्व्याण्णव मेगाहर्ट्‌झ

पहिला कॉम्प्युटर मी गरजेपोटी घेतला, असं त्या वेळी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण माझे साडू. त्यांच्याकडे ३८६ आला होता आणि ते फोनवर उगाचच 'आमच्या मशीनवर' असं म्हणायला लागले होते. साडू हे नातं मुळात स्पर्धेसाठीच असतं: सासरा एक, कंपन्या दोन. महिन्याभरात लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेला ४८६ माझ्या टेबलावर होता. सहासष्ट मेगाहर्ट्‌झ! मेगाहर्ट्‌झ म्हणजे काय हे कळलं नव्हतं, पण साडूंचे तेहतीसच होते, हे पक्कं कळलं होतं.

त्या कॅबिनेटवर टर्बोचं बटण होतं. त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, घरात आता कोणी ऐकत नाही. मी ते इतक्या तोऱ्यात दाबायचो, की शेजारच्या मुलांना वाटे आता मशीन खिडकीतून उडणार. प्रत्यक्षात ते बटण होतं मशीन हळू करण्यासाठी. मूळ आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्‌झचा. त्याच्या चालीवर बेतलेले खेळ नव्या मशीनवर असे सुसाट सुटत, की खेळणारा सुरू व्हायच्या आत मेलेला असे. म्हणून ही सोय. हळू करण्याच्या बटणाला टर्बो नाव देणाऱ्या माणसाला माझा दंडवत. शेजारी हिरव्या आकड्यांची खिडकी होती: ६६. एकदा दुरुस्तीला आलेल्या पोराला मी विचारलं, "हे मोजतं कसं रे?" तो म्हणाला, "मोजत नाही साहेब. मागे जंपर असतात. सांगाल तो आकडा लावून देतो."

त्या रविवारी साडू जेवायला येणार होते. मी ९९ लावून घेतला.

साडूंनी आकड्याकडे पाहिलं, श्रीखंडाची वाटी पुढे केली आणि म्हणाले, "कालच पेन्टियम बुक केला. शंभरचा."

हा घाव भरायला २००० साल उजाडावं लागलं. ६ मार्चला एएमडीने एक गिगाहर्ट्‌झचा अॅथलॉन जाहीर केला आणि ८ मार्चला इंटेलने तेवढ्याच वेगाचा पेन्टियम थ्री. दोनच दिवसांत! म्हणजे तिकडेही साडूच होते. आपल्याला गिगाहर्ट्‌झ हवा आहे, हे ६ मार्चपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. ८ तारखेला त्याच्यावाचून झोप येईना. बायकोने विचारलं, "अहो, पण तुम्ही त्यावर करणार काय?" मी करणार होतो ते आधीच करत होतो: दिवाळी अंकाचा लेख आणि पत्त्यांचा सॉलिटेअर. पत्ते वाटायला सेकंदाला शंभर कोटी ठोके.

पुढे तर माझ्या जंपरलाही प्रतिष्ठा आली. पेन्टियम फोरची घडणच अशी, की ठोके जास्त, दर ठोक्याला काम कमी. आम्ही दुकानात विचारायचो ठोके, कामाचं कोण विचारतो? उलट २००१ मध्ये एएमडीच्या अॅथलॉन एक्सपीवर आकडा असे १८००+, आणि आत चाल १५३३ मेगाहर्ट्‌झची. त्या तुलनेत माझे नव्व्याण्णव अगदीच घरगुती होते. या भांडणात किमती उतरल्या आणि माझ्यासारख्यालाही मशीन परवडलं, हे नाकारत नाही. पण २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्‌झच्या पेन्टियम फोरचा बेत सोडून दिला आणि पुढे सगळे 'कोअर किती?' विचारू लागले, तेव्हा माझा हिशेबच चुकला. नव्याने शिकलो. दोन, चार, आठ.

परवा आबांच्या आठवणी छापायचं ठरलं. निवृत्तीनंतर त्यांनी त्या ४८६ वर बसून, एका बोटाने, दोन वर्षं टाइप केल्या होत्या. फाइल मी दर मशीनवर इमानाने उतरवून घेतली होती, उघडून मात्र कधीच पाहिली नव्हती. उघडली तर 'क'च्या जागी कंस आणि 'आई'च्या जागी डॉलर. त्या काळचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसायचे. युनिकोड आलं आणि ते बेघर झाले. माझ्या आठ कोअरना माझ्या बापाचं एक वाक्य वाचता येईना. तीस वर्षं मी वेग विकत घेत होतो. आबांचं वाचायला वेळ नाही म्हणून, की काय, देव जाणे.

माळ्यावरून ४८६ काढला. धूळ झटकून सुरू केला. आधी तारीख आली १ जानेवारी १९८०, मग कुरकुरत डिस्क फिरली आणि आबा स्वच्छ मराठीत उमटले. पहिल्याच पानावर लिहिलंय: "चिरंजीवांनी महागाचे यंत्र घेतले आहे. बरे आहे. खोडता येते."

रोज रात्री दोन पानं नव्या मशीनवर उतरवतोय. समोर हिरवे ९९ लुकलुकत असतात.

साडूंच्या कानावर हे घालू नका. त्यांनी त्यांचा ३८६ कधीच भंगारात दिलाय; उगाच शोधायला बाहेर पडतील.