तांडेल

अमेरिकेत मुरलेल्या मराठी माणसाला साठीच्या आसपास काहीतरी होतं. कुणी गीतेच्या वर्गाला लागतो, कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी परसात कढीलिंबाची रोपवाटिका काढतो. मेरीलँडमध्ये राहणाऱ्यांतला एखादा मात्र जुनी शिडाची बोट घ्यायला निघतो. घेत नाही, घ्यायला निघतो. वर्षानुवर्षं निघालेलाच असतो. अशा माणसाला आम्ही तांडेल म्हणतो.

तांडेल कधीच समुद्राकाठचा नसतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला होडी म्हटली की आधी तिची दुरुस्ती आठवते, त्यामुळे तो या फंदात पडत नाही. तांडेल निपजतो मिरजेत, सोलापुरात, फार तर सदाशिव पेठेत. पोहायला तो विहिरीत शिकलेला असतो आणि गेटवेवरून मांडव्याला जाणारी लाँच हीच काय ती त्याची दर्यागिरी. पण कान्होजी आंग्र्यांविषयी असं बोलतो की ऐकणाऱ्याला ते त्याचे चुलते वाटावेत.

आमचे तांडेल पुलांची गणितं करण्यात हयात घालवून निवृत्त झाले. अ‍ॅनापोलिस त्यांच्या घरापासून तासाभरावर. या गावात ऑक्टोबरात शिडाच्या बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. तांडेल एकदा तिथे केवळ पार्किंग मिळालं म्हणून शिरले आणि बाहेर आले ते सागरसफरीचा मार्ग ठरवूनच. चेसापीक उपसागरातून खाली, बर्म्युडा, अझोर्स, भूमध्य समुद्र, सुएझ, आणि मग थेट मुंबई. बोटीचं नावही ठरलं, ‘गुराब’. त्या नावाचे टी-शर्ट छापून झाले. ते आता आम्ही बागकामाला घालतो.

बोट मोठीच हवी आणि जुनीच हवी, या दोन गोष्टींवर तांडेलांची तडजोड नाही. मोठी, कारण महासागर. जुनी, कारण नवी पंचेचाळीस फुटी चांगली बोट पाच लाख डॉलरच्या वर जाते आणि 1980च्या दशकातली तेवढीच लांब बोट त्याच्या पाचव्या हिश्शात मिळू शकते. इथवर हिशेब कुणालाही पटतो. गोम पुढे आहे, आणि ती इंजिनिअर असूनही तांडेल कधी कागदावर मांडत नाहीत. तीस फुटांऐवजी पंचेचाळीस फूट घेतले तर लांबी दीडपट होते. वजन मात्र तिपटीच्याही पुढे जातं. नांगर जड, शिडं जड, दोरखंड जाड. धक्क्याचं भाडं फुटावर, बोट पाण्याबाहेर उचलण्याचे पैसे फुटावर, बुडाला रंग फुटावर. शिवाय किंमत कितीही पडली तरी सुटे भाग आजच्या भावाने घ्यावे लागतात. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरसाल देखभालीला धरावेत, असा इथल्या जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. वहिनींनी तो तांडेलांच्या टेबलावर चिकटवून ठेवलाय. तांडेल त्याच्यावर चहाचा कप ठेवतात.

जाहिराती वाचण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. ‘मालकाने मायेने जपलेली’ म्हणजे मालक कोपरे पुसतो, इंजिन उघडत नाही. ‘थोडं किरकोळ काम बाकी’ म्हणजे डोलकाठी गवतात पडली आहे. ‘उद्या महासागरावर न्या’ म्हणजे आज धक्क्यावरून हलवू नका. फोटोत गादीवर फुलदाणी असली की छतातून पाणी गळतं, असा त्यांचा सिद्धांत आहे आणि तो बऱ्याचदा खरा निघालाय.

रविवारी ते कुणाला तरी बरोबर घेऊन बोट पाहायला जातात. बहुधा मलाच, कारण माझी गाडी मोठी आहे. धक्क्यावर दलाल हसतमुखाने उभा असतो. दलाली विकणारा देतो, त्यामुळे तांडेल त्याला निःसंकोच वापरतात. पायातले जोडे काढून ते बोटीवर चढतात आणि खिशातून प्लास्टिकची छोटी हातोडी काढतात. मग मंडईत कलिंगड वाजवून घ्यावं तशी सगळी बोट वाजवत सुटतात. टणक आवाज आला की पुढे, बद्द आला की थांबायचं, मान वाकडी करायची आणि माझ्याकडे अर्थपूर्ण बघायचं. खरं सांगायचं तर ही विद्या भंपक नाही. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड घालून डेक करतात; वरून सागवानी फळ्या बसवल्या असतील तर शेकडो स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. पाणी आत झिरपतं, लाकूड कुजतं, आणि मग डेक पायाखाली जरा लवतो. व्यावसायिक सर्वेक्षकही हातोडीच घेऊन येतो. फरक एवढाच की तो पैसे घेऊन थांबतो.

डोलकाठी ज्या तारांवर उभी असते त्या तारा दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या की विमा कंपन्या कुरकुरायला लागतात. पण तांडेलांचं खरं वैर त्या तारा ज्या स्टेनलेसच्या पट्ट्यांना अडकवतात त्या पट्ट्यांशी. त्या डेकमधून खाली जातात आणि कपाटांमागे लपतात. हवा न लागलेल्या ओल्या फटीत स्टेनलेसही आतून चिरतं. म्हणून तांडेल परक्या माणसाच्या कपाटातले शर्ट बाजूला करून आत डोकं घालतात आणि तिथूनच मला व्याख्यान देतात. एकदा त्याच कपाटात मालकिणीची औषधं, दागिने वगैरे होते. दलालाचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

त्यांची डोलकाठीची अटही ठरलेली आहे, पासष्ट फुटांच्या आत. किनाऱ्यालगतच्या जलमार्गावरचे बहुतेक स्थिर पूल तेवढेच उंच आहेत. आयुष्यभर पुलावरून गाड्या कशा जातील ते पाहिलेला माणूस आता खालून काय जाईल ते मोजतो.

बोट नापसंत करायला त्यांना कोणतंही कारण पुरतं. इंजिन जुनं पर्किन्स असेल तर तेल गळतं, खाली तेल नसेल तर मालकाने मुद्दाम पुसलंय. बुडाला फोड आलेत म्हणून नको. नाहीत, तर ते कालच लांबी भरून झाकलेत. एका स्वीडिश बोटीत काहीच दोष सापडेना तेव्हा ते फार अस्वस्थ झाले. परतताना गाडीत गप्प होते. शेवटी म्हणाले, “इतकी चांगली असेल तर तो विकतोय कशाला?”

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत ते जोशुआ स्लोकमची गोष्ट सांगतात. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला कुरणात सडत पडलेली ‘स्प्रे’ त्याला फुकट मिळाली. तेरा महिने खपून त्याने ती नव्याने उभी केली, साहित्याला खर्च 553 डॉलर 62 सेंट. 1895 साली निघाला आणि 1898 साली एकट्याने जगाला फेरी मारून परत आला. “बासष्ट सेंट!” तांडेल बोट वर करून म्हणतात. त्याच ‘स्प्रे’वरून तो पुढे एकदा गेला तो आलाच नाही, हा भाग मठ्ठ्यापाशी येईपर्यंत राहून जातो. मग गोष्टीत दिलीप दोंदे येतात: गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’, 2009च्या ऑगस्टात मुंबईहून एकट्याने निघून, जगाला फेरी मारून 2010च्या मे महिन्यात परत. इथे आवाज जरा कापरा होतो आणि तो खोटा नसतो. ‘म्हादेई’ नवी कोरी बांधून घेतली होती, असं वहिनी पोळी वाढता वाढता सांगतात.

वहिनींचा बोटीविषयी एकच प्रश्न असतो आणि तो त्या आधी विचारतात: संडासाचा पंप कुणी मारायचा? किनाऱ्याजवळ मैला पाण्यात सोडता येत नाही, टाकीत साठवावा लागतो. तांडेलांकडे बर्म्युडाच्या वाऱ्यांचं उत्तर असतं, टाकीचं नसतं. स्लोकमचा विषय निघाला की त्या म्हणतात, “त्याच्या दुसऱ्या बायकोने लहान बोटीवरून एक सफर केली आणि नंतर घरीच राहिली. तिचं पुस्तक का नाही आलं?” दरम्यान त्यांनी गाजावाजा न करता शनिवार-रविवारचा नौकानयनाचा वर्ग लावला होता. वाचनालयात जाते म्हणून सांगत आणि गाल लाल करून परत येत. तांडेलांनी तेवढीही चौकशी केली नाही. ते जाहिराती वाचत होते.

गेल्या ऑक्टोबरात प्रकरण प्रथमच चाचणी फेरीपर्यंत गेलं. चव्वेचाळीस फुटी, दोन डोलकाठ्यांची, म्हातारा मालक, गुडघ्याला पट्टा. उपसागरात ऑगस्टभर वारा मेलेला असतो. त्या दिवशी चांगला सुटला होता. तांडेल उत्साहाने खाली इंजिन तपासायला गेले. डिझेलचा वास, वर-खाली होणारी फळी, हातात विजेरी. पाच मिनिटांत ते वर आले ते थेट कठड्यापाशी, आणि तेही वाऱ्याच्या तोंडाकडच्या. मालकाने सुकाणू कुणाच्या तरी हाती द्यायचं म्हणून वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी ते घेतलं, शिडाकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाल्या, “भावोजी, तो दोर सोडा. तो नाही, निळा.” बोट वळली. पुन्हा वळली. येताना त्यांनी ती धक्क्याला अशी लावली की मालकाने गुडघा विसरून टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी पर्समधून सर्वेक्षकाचा अहवाल काढला. तारा बदलायच्या, डेकचा डावा भाग ओला, पंप गेलेला. शांतपणे एक आकडा सांगितला. म्हातारा थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि हो म्हणाला.

“अगं थांब!” तांडेल बाकावर आडवे पडल्या पडल्या म्हणाले. “नॉरफोकला एक आहे. बघून तर येऊ.”

“तुम्ही या ना जाऊन,” वहिनी म्हणाल्या. “मी तोवर हिच्या विम्याचं बघते.”