घरी कोणी नाही

भुतांना हाकलायला माणसं काय काय करतात! बालीतले लोक मात्र त्यांना सभ्यपणे फसवतात. न्येपी म्हणजे त्यांचा वर्षारंभ. आदल्या संध्याकाळी प्रचंड गोंगाट करून भुतांना जागं करायचं आणि दुसऱ्या दिवशी सारं बेट असं चिडीचूप ठेवायचं, की वरून पाहणाऱ्याला वाटावं, इथे कोणी राहतच नाही. वर्गणीवाल्यांची चाहूल लागताच दिवे मालवून दाराआड श्वास रोखून उभं राहण्याची कला मी आजवर आपल्याच घरांपुरती समजत होतो. तिथे चाळीस लाखांहून अधिक माणसं ती एकाच वेळी सादर करतात.

२०२३ साली न्येपीला मी उबुदजवळच्या एका खेड्यात, एका कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. आदल्या रात्री ओगोह-ओगोह निघाले. बांबू-कागदाचे ते सुळेवाले राक्षस पोरं खांद्यावर घेऊन चौकात गरगर फिरवत होती, म्हणजे भुतांना दिशा कळू नये. सकाळी सहाला सगळं थांबलं. विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. भुतांचा त्याच्याशी काय संबंध, असं आधी वाटलं, मग वाटलं, बराच असावा. रस्त्यावर फक्त काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची लुंगी नेसलेले पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार. कोंबड्यांना मात्र हे कोणी कळवलेलं दिसत नव्हतं.

गंमत अशी, की त्या २२ मार्चला आपलाही पाडवा होता, आणि दोन्हीकडे शके १९४५ च लागलं. गिरगावात त्या वेळी ढोल-ताशे कडाडत असतील, फेटे आणि काळे चष्मे बुलेटवरून मिरवत असतील. माझे आजोबा पाडव्याला पंचांगातलं संवत्सरफल मोठ्यानं वाचत. पाऊस किती, धान्य किती, आणि आम्ही पोरं श्रीखंडाच्या पातेल्याकडे डोळे लावून बसलेलो. त्या रात्री अंगणात बसून मी ते सगळं मनातल्या मनात वाचलं. डोक्यावर मृग, आग्नेयेला त्रिशंकू वर येत होता. आतल्या खोलीत घरातलं तान्हं रडायला लागलं. आजीनं त्याला छातीशी धरून इतक्या हळू थोपटलं, की एखादं भूत ऐकत असतं तरी त्यानं ऐकलं नाही असंच दाखवलं असतं.

दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. घरमालकांनी माझीही मागितली. कशाबद्दल, हे त्यांनाही सांगता येईना. मीही मागून टाकली.

न्येपी आणि पाडव्याची ही जुळणी दरवर्षी होत नाही, बरं का. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. तेव्हा बालीला जाणार असाल, तर तिकिटाआधी तिथली तारीख बघा, आणि आदल्या दिवशीच खाण्याचं काहीतरी घेऊन ठेवा. दुकानं खरोखरच बंद असतात.