भरतीच्या वेळापत्रकात एक शैक्षणिक वर्ष

सँ-मालो हे फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे तटबंदीचे गाव. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आत. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ती मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. पॅरिसहून थेट वेगवान गाडी २००५ पासून येते. रेन विद्यापीठाची एक तंत्रशिक्षण संस्था इथे आहे आणि व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय सागरी विद्यालयाची शाखाही. त्यामुळे पर्यटक, निवृत्त मंडळी आणि समुद्रपक्षी यांच्याखेरीज विद्यार्थी ही चौथी जमात गावात आढळते. सप्टेंबरात उगवणारी आणि जूनमध्ये मावळणारी तिची पोटजात म्हणजे एक्स्चेंज विद्यार्थी.

हा विद्यार्थी पहिल्याच संध्याकाळी तटावरून फेरी मारतो आणि घरी फोटो पाठवतो: मध्ययुगीन घरे, ग्रॅनाइटच्या भिंती, समुद्री चाच्यांचे पुतळे. यातला तट जुना आहे. घरांचे तसे नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन फौजेला हुसकावताना तटाच्या आतले सुमारे ऐंशी टक्के गाव जळाले-कोसळले आणि युद्धानंतर जुन्या वळणाने पुन्हा बांधले गेले. कॅथेड्रलचा मनोरा तर १९७२ मध्ये पुरा झाला, म्हणजे फोटो पाहून हरखलेले आजोबा त्या मध्ययुगापेक्षा वयाने मोठे असतात. चाच्यांबाबतही दुरुस्ती हवी. त्यांच्याकडे राजाचा परवाना होता आणि लुटीत राजाचा वाटा असे, म्हणून त्यांना चाचे म्हटलेले गावाला खपत नाही.

भारताशी गावाचे नाते जुने आहे. फक्त ते अभिमानाने सांगावे असे नाही. इथल्याच माए द ला बूरदोने याने १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेतले आणि मायदेशी परतल्यावर कौतुकाऐवजी बास्तियचा तुरुंग पाहिला. रोबेर सुर्कूफने १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ‘केंट’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज पकडले. त्याचा पुतळा आजही इंग्लंडच्या दिशेने बोट रोखून उभा आहे.

गावात विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती घरमालकाशी. इथल्या बऱ्याच खोल्या सप्टेंबर ते जून एवढ्याच मुदतीने मिळतात, कारण उन्हाळ्यात त्याच खोलीचे एका आठवड्याचे भाडे विद्यार्थ्याच्या महिन्याच्या भाड्याला लाजवते. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांवर नगरपालिकेने २०२१ मध्ये भागवार कोटा लावला. त्यानंतरही खोली मिळणे हा प्रवेशपरीक्षेपेक्षा अवघड पेपर मानला जातो. खोलीसाठी बँकेचे खाते लागते. खात्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो. पत्त्यासाठी अर्थातच खोली लागते. या वर्तुळात शिरायला अधिकृत दार नाही; बहुतेक जण एखाद्या कनवाळू कारकुनाच्या कृपेने खिडकीतून आत येतात. मग घराचा विमा. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि एक प्रेशर कुकर एवढाच ऐवज असला तरी विमा उतरवल्याशिवाय किल्ली हातात पडत नाही.

यानंतर फाइल तयार होते. लांब मुदतीचा व्हिसा फ्रान्समध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. आरोग्यविम्यासाठी जन्मदाखला लागतो, तोही आईवडिलांच्या नावांसह, आणि त्याचे फ्रेंच भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच. मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी इथे लागते. दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, वडिलांचे नाव मध्ये की वेगळे, आणि गावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे. फ्रेंच कार्यालय या सगळ्या व्यक्ती एकच आहेत हे मान्य करायला तयार असते, फक्त तसे सिद्ध करणारा आणखी एक कागद मागते.

दैनंदिन शिष्टाचारात पहिला नियम नमस्काराचा. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात शिरताना ‘बोंजूर’ म्हटले नाही तर पुढचे बोलणे, व्याकरण कितीही निर्दोष असो, ऐकू गेल्याची खूण समोरच्या चेहऱ्यावर उमटत नाही. पण त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा म्हटले तर सकाळची भेट विसरल्याचा आरोप येतो. सकाळी कोणाकोणाला भेटलो याची यादी डोक्यात ठेवावी लागते.

दुसरा नियम बंद दारांचा. बरीच दुकाने दुपारी जेवणासाठी, रविवारी विश्रांतीसाठी आणि पुष्कळदा सोमवारी रविवारच्या विश्रांतीतून सावरण्यासाठी बंद असतात. शनिवारी संध्याकाळी पीठ-मीठ न भरणारा विद्यार्थी फक्त पहिल्या महिन्यात दिसतो. सूर्यही स्थानिक कामगारकायद्याने चालत असावा. ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही गावाचे घड्याळ बर्लिनचे आहे. त्यामुळे डिसेंबरअखेरीस सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवतो आणि आठचा तास मिट्ट काळोखात भरतो. जूनमध्ये उलट, रात्री दहानंतरही उजेड रेंगाळतो. मधल्या काळात भुरभुर पाऊस असतो. ब्रिटनीत हवा दिवसातून अनेकदा छान असते, असे स्थानिक लोक सांगतात, आणि ते खोटे नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. गुण वीसपैकी मिळतात, दहाला पास, आणि सोळा म्हणजे प्राध्यापकांनी काळजावर दगड ठेवून दिलेले गुण. बारा मिळालेल्या मुलाचे वर्गात कौतुक होते आणि घरच्या फोनवर ‘साठ टक्केच?’ असा प्रश्न येतो.

खाण्याचे राष्ट्रीय प्रश्न दोन, लोणी आणि डुक्कर. राजेशाहीत फ्रान्सच्या मोठ्या भागात मिठावर जबर कर होता, ब्रिटनीला त्यातून सूट होती. म्हणून इथले लोणी खारट, आणि बिनमिठाचे लोणी मागणारा माणूस पॅरिसचा समजला जातो. क्वीन-अमान नावाच्या स्थानिक गोडात कणकेला लोणी लावण्याऐवजी लोण्याला कणीक लावतात असा संशय येतो. कुट्टूच्या पिठाची गालेत हे शाकाहाऱ्याचे आशास्थान. दिसायला धिरडे, पण प्रचलित प्रकारात आत हॅम, अंडे आणि चीज. हॅम नको म्हटल्यावर बेकनचे तुकडे सुचवले जातात, तेही नको म्हटल्यावर मासा. शेवटी चीज-मशरूमवर तह होतो. जवळच्या कांकालात लोक धक्क्यावर बसून कच्चे कालव खातात आणि शिंपले खाली किनाऱ्यावर फेकतात. कोकणातल्या माणसाला यातले फक्त ‘कच्चे’ खटकते. उघड्यावर खाताना सीगलवर नजर ठेवावी. तो मागून येतो, वजनदार असतो आणि कायद्याने संरक्षित आहे. सँडविच संरक्षित नाही.

गावाचा खरा कारभार मात्र समुद्राकडे आहे. भरती-ओहोटीतला फरक इथे मोठ्या उधाणाला तेरा मीटरच्या आसपास जातो. मुंबईत तो पाच मीटरच्या घरात असतो. जवळच्या रांस नदीच्या मुखावर १९६६ पासून भरतीवर चालणारे २४० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे, आणि धरणावरून दिनारला जाणारा रस्ता. भरतीचे वेळापत्रक छापील मिळते. त्यात उधाणाचा जोर २० ते १२० या आकड्यांत दिलेला असतो, आणि गावकरी तो सामन्याच्या धावसंख्येसारखा एकमेकांना सांगतात. आकडा शंभरावर गेला की एरवी गंभीर असणारे गृहस्थ बूट चढवून, खुरपे-बादली घेऊन खडकांत शिंपले गोळा करायला निघतात. कोणता शिंपला किती आकाराचा घ्यायचा याचेही नियम आहेत.

नवखे लोक फसतात ते ग्रां-बे बेटावर. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखे तिथे ओहोटीत चालत जाता येते. लेखक शातोब्रियाँने कबरीसाठी ही जागा मागून घेतली, कारण त्याला फक्त वारा आणि समुद्र ऐकायचा होता. कबरीवर नाव नाही, नुसता क्रूस आहे. वारा-समुद्राबरोबर आता त्याला सहलीची पोरेही ऐकावी लागतात; शिवाय सार्त्रने या कबरीवर लघवी केल्याचे सिमोन द बोव्हार यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. परतीची वाट पाण्याखाली गेली तर पुढच्या ओहोटीपर्यंत, म्हणजे काही तास, थोर साहित्यिकाच्या सहवासात काढावे लागतात. फरसबंद वाट भिजताना दिसली तर पळत सुटू नये. पाणी वेगाने चढते आणि दगड निसरडे असतात.

सर्वात मोठ्या उधाणाला वर्तमानपत्रे ‘शतकाची भरती’ म्हणतात. ती दर अठरा वर्षांनी येते: १० मार्च १९९७ ला आली, २१ मार्च २०१५ ला आली, तेव्हा आकडा ११९ होता. पुढचे शतक ३ मार्च २०३३ रोजी आहे. ते पाहायचे असेल त्यांनी प्रवेश २०३२ च्या सप्टेंबरचा घ्यावा आणि खोली आत्तापासून शोधायला लागावे.