अर्ज घेतला, पुढे काय?

एखाद्या गावात इंटरनेट तोडलं, दुकानांची शटरं खाली ओढली, चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या केल्या, की संध्याकाळच्या बातमीत एक वाक्य हमखास येतं: परिस्थिती नियंत्रणात असून शांतता आहे. या वाक्यावर माझा विश्वास नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये जैनूरला हेच झालं. एका आदिवासी महिलेवर हल्ला झाला, आरोपी दुसऱ्या धर्माचा निघाला, आणि एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या सगळ्या समाजाला द्यायला जमाव रस्त्यावर उतरला. दुकानं जळाली, घरं जळाली. मग जमावबंदी, मग इंटरनेट बंद, मग ती शांतता. त्या बाईला न्याय मिळण्याशी त्या आगीचा काहीही संबंध नव्हता. आणि ज्याचं दुकान जळालं त्याचा गुन्हा कोणता, हे जाळणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येणार नाही.

जैनूर आज कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतं. ऑक्टोबर २०१६ पर्यंत ते आदिलाबादेत होतं. तेलंगणानं या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले. कलेक्टर कचेऱ्या वाढल्या, भांडणं होती तिथेच राहिली. पैनगंगा ओलांडली की सुरू होणारा हा मुलूख आपल्याला परका नाही. किनवट आणि राजुरा हे एके काळी याच आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते इकडे आले. बेला, जैनद, तामसी भागातल्या बाजारात आजही मराठी चालते. म्हणून तिथे पेटलेलं काहीही ‘तेलंगणातली घटना’ म्हणून आतल्या पानावर ढकलणं मला मान्य नाही.

आता याच जैनूरच्या अगदी जवळचं मारलवाई हे गाव घ्या. छोटं गोंड गाव. तिथे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ राहत होता. दुसरं महायुद्ध पेटलेलं, याच्या खिशात जर्मन पासपोर्ट. ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक. त्याला तुरुंगात सडवता आलं असतं. पण त्याला हैदराबाद संस्थानात राहू दिलं गेलं आणि तो गोंडांमध्ये येऊन बसला. तिकडे युरोपात माणसं एकमेकांच्या शहरांवर बॉम्ब टाकत होती, आणि इकडे ‘शत्रू’ ठरवलेला एक माणूस गोंडांच्या जमिनीचे कागद वाचत होता.

त्याला ते कागद वाचावे लागले, कारण त्याआधी गोळीबार झाला होता. निजामाच्या जंगल खात्यानं राखीव जंगलाच्या रेषा आखल्या, आणि गोंड-कोलामांची पिढ्यान्‌पिढ्यांची वावरं त्या रेषांच्या आत गेली. कसणारा रातोरात अतिक्रमणदार ठरला. जोडेघाटच्या डोंगरात गोंड पुढारी कुमुरम भीम आणि त्यांची माणसं आपली जमीन मागत होती. १९४० मध्ये उत्तर म्हणून पोलीस आले. भीम आणि त्यांचे साथीदार मारले गेले. सरकारी नोंदीतली तारीख आणि गोंडांच्या आठवणीतली तिथी आजही जुळत नाही. गोंड आश्विन पौर्णिमेला त्यांचं स्मरण करतात. मी गोंडांची तिथी मानतो.

त्या गोळीबारानंतर निजामाच्या सरकारनं एक शहाणपणाची गोष्ट केली, आणि ती मोकळेपणानं मान्य करायला हवी. ही माणसं चिडली का, हे शोधायला सांगितलं. हायमेनडॉर्फनं अहवाल लिहिले. ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावानं ते १९४५ मध्ये छापले गेले. आणि पट्टे वाटायला सुरुवात झाली. दशक संपेपर्यंत या जिल्ह्यात सुमारे ११ हजार आदिवासी शेतकऱ्यांच्या नावावर सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन लागली होती. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं. गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं तिथे तयार झाली, आणि ती देवनागरीत होती. मुलांना त्यांच्या आईच्या भाषेत शिकवायचं, हा निर्णय युद्धाच्या ऐन मध्यावर, बंडखोर ठरवलेल्या जमातीसाठी घेतला गेला. आज शांततेच्या शिक्षणावर परिषदा भरतात. भरवा. पण मारलवाईचं नाव त्या परिषदेत कोणी घेतलं, तरच मी ऐकायला बसेन.

याच काळातली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. इंद्रवेल्ली मंडलात केसलापूरला मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. पौष अमावास्येची रात्र ही तिची मुख्य रात्र. त्याआधी मेसराम मंडळी अनवाणी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या एका कुंभार घराण्याकडूनच यावी लागतात, आणि ते घराणं आदिवासी नाही. म्हणजे दुसऱ्या समाजाच्या हातची मडकी आल्याशिवाय गोंडांच्या देवाची पूजा सुरू होत नाही. नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. महाराष्ट्रातून, छत्तीसगडमधून माणसं येतात. आणि जत्रेत एक दिवस दरबार भरतो. तो सुरू करण्याचं श्रेय हायमेनडॉर्फला दिलं जातं. अधिकाऱ्यांनी जत्रेत यायचं, गोंडांच्या मंडपात बसायचं आणि तक्रारी ऐकायच्या. गोंडांनी तालुक्याला खेटे घालायचे नाहीत, सरकारनं त्यांच्या देवाच्या दारी यायचं. हा दरबार आजही भरतो. मंत्री येतात, कलेक्टर येतात, उटनूरच्या आदिवासी विकास यंत्रणेचे अधिकारी येतात.

संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर १९९९ रोजी शांततेच्या संस्कृतीचा जाहीरनामा मंजूर केला. २००१ ते २०१० हे अख्खं दशक त्या नावानं वाहिलं. जाहीरनामा चांगला आहे, मी तो मनापासून मानतो. त्यात शिक्षण आहे, मानवी हक्क आहेत, स्त्रियांची समानता आहे, लोकांचा सहभाग आहे. पण हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं राहतं ती केसलापूरच्या लोकांना पन्नासएक वर्षं आधी मिळाली होती: तक्रार सांगायचा ठरलेला दिवस, ठरलेली जागा, आणि उत्तर द्यायला बांधलेला माणूस समोर.

आणि तो माणूस समोर नसला तर काय होतं? तेही याच मंडलानं पाहिलं.

२० एप्रिल १९८१, सोमवार. इंद्रवेल्लीत गिरिजन रयतु कुली संघमची सभा होती. मागण्या नव्या नव्हत्या: जमिनीचे पट्टे द्या, सावकार-व्यापाऱ्यांची लूट थांबवा. सभेची परवानगी ऐन वेळी नाकारली. दूरच्या पाड्यांवरून निघालेल्या गोंडांना ते कळायचा मार्गच नव्हता. ते येत राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारनं १३ मृत्यू सांगितले, नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी त्याहून कितीतरी जास्त. ज्या मंडलात नागोबाचा दरबार भरतो, त्याच मंडलात तक्रार सांगायला आलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जोडेघाटनंतर चाळीस वर्षांत एवढंच शिकलो.

पुढे तिथे स्मृतिस्तंभ उभा राहिला. १९८६ मध्ये तो उद्ध्वस्त करण्यात आला, मग पुन्हा बांधला. आणि वर्षानुवर्षं २० एप्रिल आला की तिथे जमावबंदी. आपल्या मेलेल्या माणसांना फूल वाहायलाही पोलिसांची परवानगी! याला सरकार शांतता म्हणत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी केसलापूरला आले आणि इंद्रवेल्लीत स्मृतिवनाची पायाभरणी झाली. चांगलं झालं. गोळीबाराला तेव्हा त्रेचाळीस वर्षं होत आली होती. एवढ्या काळात त्या माणसांच्या कितीतरी आया आणि बायका गेल्या असतील.

लाठी दुसऱ्या हातात असते, तेव्हाही मी हेच म्हणेन. जून २०१९ मध्ये कागजनगरजवळ सारसाला इथे रोपं लावायला आलेल्या वन खात्याच्या एका महिला अधिकाऱ्याला जमावानं लाठ्यांनी मारलं. जमीन कोणाची हा वाद खरा होता. पण ती बाई नोकरी करत होती. पुढे जून २०२३ मध्ये आसिफाबादेतूनच राज्यभरच्या पोडू, म्हणजे जंगलात कसलेल्या, जमिनींचे पट्टे वाटायला सुरुवात झाली. तो कार्यक्रम चार वर्षं आधी झाला असता तर त्या लाठ्या उठल्या नसत्या, असं मला वाटतं. पट्टा उशिरा देणाऱ्या कचेरीलाही त्या माराचा हिशेब द्यावा लागेल.

आता आपल्याकडे या. हायमेनडॉर्फ सत्तरच्या दशकात पुन्हा आदिलाबादेत आला, तेव्हा त्यानं पाहिलं की गोंडांची जमीन पुन्हा हातची चालली आहे. ती घेणाऱ्या बाहेरच्या लोकांत महाराष्ट्रातून गेलेले शेतकरी आणि व्यापारीही होते. हे आपल्याला ऐकायला आवडत नाही. तरी ऐका. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर चढू नये म्हणून तिकडे १९७० चा कडक नियम आहे. तो कोणाकोणामुळे करावा लागला, त्यांत आपलीही माणसं आहेत.

त्यातला सर्वांत नाजूक धागा बंजाऱ्यांचा. पैनगंगेच्या अलीकडे बंजारा विमुक्त जातींत, पलीकडे लंबाडा म्हणून १९७६ पासून अनुसूचित जमातींत. एकच समाज, एकच गोरबोली, सोयरीक दोन्हीकडे, आणि सवलती मात्र नदी ठरवते. गोंड-कोलाम संघटना म्हणतात, आमच्या वाट्याच्या नोकऱ्या आणि जागा इकडून आलेल्यांनी नेल्या. लंबाडा म्हणतात, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आम्हाला उपरं का ठरवता? डिसेंबर २०१७ मध्ये उटनूर भागात याच वादातून हिंसाचार झाला. पुन्हा इंटरनेट बंद. पुन्हा ती शांतता.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हाच वाद नदी ओलांडून महाराष्ट्रात आला. मराठा आरक्षणासाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेला, तेव्हा बंजारा समाजानंही त्याच गॅझेटवर बोट ठेवून अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. बीडला, जालन्याला मोठे मोर्चे निघाले. उत्तरादाखल आदिवासींचे मोर्चे निघाले. दोन्हीकडे तरुण पोरं होती. बंजाऱ्यांचं ऊसतोडीचं आणि स्थलांतराचं दुःख खरं आहे. गोंड, कोलाम, आंध यांची भीतीही खरी आहे. ही दोन्हीकडची माणसं मोर्च्यांतून एकमेकांशी बोलतायत, कारण समोरासमोर बसायची जागा सरकारनं त्यांना दिलेली नाही. पुढारी दोन्ही मोर्च्यांची निवेदनं वेगवेगळ्या दिवशी घेऊन ‘सकारात्मक आहोत’ म्हणतात. दोघांना एकाच दिवशी दोन उलटी आश्वासनं देता येत नाहीत, म्हणून तर दिवस वेगळे ठेवतात.

सीमेवर एक बरी गोष्टही आहे. जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्यामध्ये परमडोली, मुकदमगुडा अशी डझनभर गावं आहेत, ज्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. तिथे मराठी शाळा आहे, तेलुगू शाळाही आहे. दोन रेशनकार्डं, दोन मतदान ओळखपत्रं. दोन राज्यांचा वाद इतकी वर्षं चालला, पण गावकऱ्यांनी त्यापायी एकमेकांची डोकी फोडली नाहीत. जगातले सीमावाद पाहिले की या गावांचं मोल कळतं. पण तिथेही जमिनीच्या पट्ट्याचं रडगाणं आहेच. सोयी द्यायला दोन सरकारं पुढे, जमिनीचा कागद द्यायला दोघंही मागे.

केसलापूरच्या दरबाराबद्दलही माझी एक मागणी आहे. अर्जांचा गठ्ठा घेऊन गाडीत ठेवला म्हणजे दरबार झाला असं नाही. दरबाराचा पहिला तास गेल्या वर्षीचे अर्ज वाचायला द्या. नाव, गाव, मागणी, काय झालं. झालं नसेल तर का नाही, आणि ज्याच्या टेबलावर अडलं तो अधिकारी तिथे उभा. गोंडीत सांगा, मराठीत सांगा, तेलुगूत सांगा. नव्या अर्जाला त्यानंतर हात लावा.

आणि असा दरबार इकडे किनवटला का भरू नये? तिथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. प्रकल्प अधिकारी आहेत, तहसीलदार आहेत, वन खात्याचे लोक आहेत. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा यांना एका मंडपात, एका सतरंजीवर बोलवा. नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिवसभर बसावं, मधून उठून जाऊ नये. आमदारांनी भाषण करू नये, नुसतं ऐकावं. पहिला अर्ज कोणाचा घ्यायचा यावरून वाद होईल. होऊ द्या. चिठ्ठ्या टाका, नाव काढा आणि सुरू करा.