संदेशाभाव-मीमांसा

बीबीएसवर, म्हणजे फोनने जोडल्या जाणाऱ्या संदेशफलकावर, न्यूजग्रुप (चर्चेचा गट) उघडावा आणि पडद्यावर 'नवे संदेश नाहीत' एवढीच ओळ यावी, या घटनेकडे विद्वानांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. वाचक सिसॉपला, म्हणजे बीबीएसच्या चालकाला, बोल लावतो, सिसॉप फोनच्या लाइनीला, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो: संदेश नाही म्हणजे नेमके कशा प्रकारे नाही? नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार केव्हाच सांगून ठेवले आहेत. त्यांच्या काळी मोडेमचा प्रागभाव होता हे खरे. पण दुरुस्तीची इतकी चोख पुस्तिका प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात दुसरी नाही.

प्रागभाव म्हणजे वस्तू अजून झालेलीच नाही. 1979 साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना यूजनेट, म्हणजे या न्यूजग्रुपांचे जाळे, सुचले, तेव्हा यंत्रे रात्री एकमेकांना फोन लावून लेख पुढे ढकलत. वाटेत चार-पाच यंत्रे असली की उत्तर आधी हजर आणि प्रश्न दुसऱ्या दिवशी, असेही होई. यावर उपाय म्हणजे झोप काढणे. प्रध्वंसाभाव, म्हणजे लेख होता पण आता नाही, हे डिस्क भरल्याचे लक्षण: जुने लेख पुसणारा प्रोग्राम ठरल्या वेळी येऊन काम उरकून जातो. तिथे शोक करावा, दुरुस्ती करू नये. अत्यंताभावात सिसॉपने तो गट मुळात घेतलेलाच नसतो. 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' या गटाच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तरी सर्व्हरच्या लेखी तो गट त्रिकाळात नाही.

फेब्रुवारी 1986 मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी एनएनटीपीची, म्हणजे सर्व्हरकडून हे लेख मागण्या-देण्याच्या पद्धतीची, नियमावली लिहिली. त्यांनी न्यायशास्त्र वाचले होते असा पुरावा नाही, पण नकाराच्या छटा मात्र त्यांनी तितक्याच काटेकोरपणे लावल्या. 411 म्हणजे असा गट नाही. 412 म्हणजे गट असेलही, तू निवडलेला नाहीस. 421 म्हणजे पुढे लेख नाही, 422 म्हणजे मागे नाही. 423 म्हणजे या गटात या क्रमांकाचा लेख नाही, आणि 430 म्हणजे असा लेखच सापडला नाही. शेवटच्या दोघांतला भेद ज्याला कळला त्याला अर्धी विद्या आली. खेद एवढाच, की बहुतेक बीबीएस हे सारे पांडित्य गिळून वाचकाला एकच बाळबोध ओळ दाखवतात.

आता चौथा, अन्योन्याभाव, म्हणजे एक वस्तू दुसरी नसणे: घट हा पट नव्हे. बहुसंख्य तक्रारींचे मूळ इथे आहे, आणि बघत मात्र इथे कोणी नाही. लेखाला ओळखी दोन. एक त्याची मेसेज-आयडी, जी जगभर एकच. दुसरी क्रमांक, जो प्रत्येक सर्व्हर आपल्या मर्जीने देतो. बीबीएस लेख आणते ते क्रमांकाच्या भरवशावर: 'शेवटचा आणलेला 48213' असा पॉइंटर फाइलीत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी 48214 पासून मागते. मध्यंतरी सर्व्हर बदलला किंवा नव्याने उभारला, की तिथली मोजणी पुन्हा 1 पासून. एका देवळाबाहेरचा चपलांचा बिल्ला दुसऱ्या देवळाबाहेर पुढे करावा, तसा हा व्यवहार. दोन्हीकडची माणसे प्रामाणिक असतात, चपला मात्र मिळत नाहीत.

निदान सोपे आहे. टेलनेटने थेट सर्व्हरच्या 119 क्रमांकाच्या पोर्टवर जावे आणि ग्रुप ही आज्ञा गटाच्या नावासह टंकावी. समजा उत्तर आले: 211 298 1 312. पैकी 211 म्हणजे ठीक; अंदाजे 298 लेख, पहिला 1, शेवटचा 312. (312 पैकी 298च का, असे विचारणाऱ्याने मधले लेख रद्दही होतात हे ध्यानात घ्यावे आणि विषय वाढवू नये.) फाइलीत 48213 आणि सर्व्हरवर 312! बीबीएस बिचारी 48214 व्या लेखाची वाट पाहत बसली आहे, आणि तिच्या परीने 'नवे संदेश नाहीत' हे निखालस सत्य आहे. पॉइंटर शून्यावर आणावा, लेख धो-धो येतात. त्यानंतरही एखाद्याच वाचकाला काही दिसत नसेल, तर 'कुठवर वाचले' याचा त्याचा स्वतःचा पॉइंटर वेगळा असतो. तोही मागे ओढावा. सिसॉप मंडळी पहिला पॉइंटर सुधारून दुसरा विसरतात. या पंथाचा हा जुना दोष आहे.

लेख आल्यावर वाचक काय करतो, हेही नोंदवायला हवे. आरएन या वाचनप्रोग्रामात 'सी' हे अक्षर दाबले की गटातले सगळे न वाचलेले लेख वाचलेले ठरतात. समोर जवळपास तीनशे लेख पाहून वाचक हेच अक्षर दाबतो. लेख सर्व्हरवर आहेत, बीबीएसवर आहेत, दोन्ही पॉइंटर सरळ आहेत, आणि पडद्यावर पुन्हा एकही संदेश नाही. हा अभाव चारांपैकी कोणत्या खान्यात घालावा, यावर प्रस्तुत लेखक आणि त्याचा सिसॉप यांच्यात अद्याप एकमत झालेले नाही.